आगोटीच्या कोऱ्या सह्या

मी, वत्सला, कुंडलिक वेखंडे यांची विधवा, वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार सापगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, माझ्या माहेरगावी मुरबाड येथे राघो मास्तर देसले यांच्या ओटीवर बसून, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मास्तर माझ्या भावाचे वर्गबंधू, तीस वर्षे शाळेत शिकवून आता घरी असतात. कायद्याचा शब्द अडला की ते सांगतात. बाकीचे शब्द माझे.

माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते आणि कोणी ते नीट वाचत नाही. माझे मात्र वाचावे लागेल, कारण माझा पुतण्या लडकू जाणू वेखंडे दोन महिने गावात सांगत फिरतो आहे की काकीला भ्रम झाला, तिला काही आठवत नाही. म्हणून या महिन्याचा घरखर्च कुठलाही कागद न बघता इथे मांडते. वाण्याचे एकोणीस रुपये चाळीस नवे पैसे. त्याने गूळ दोनदा लावला होता, तो भांडून कमी करून घेतल्यानंतरचा हा आकडा आहे. रॉकेल तीन बाटल्या. दूधवालीचे सहा रुपये, त्यात दोन खाडे वजा. घरपट्टी सालाची साडेचार रुपये, ती मागच्याच महिन्यात, चौदा फेब्रुवारीला भरली, पावती मशीनच्या खणात. मशीनचा पट्टा तुटला तो नवा घातला, बारा आणे, म्हणजे पंचाहत्तर नवे पैसे. ज्याला माझ्या शुद्धीची शंका असेल त्याने वाण्याची वही आणून ताडून पाहावे.

घरी मी बारशाला जाते असे सांगून निघाले. ते खोटे होते, हेही शुद्धीवर राहून लिहिते.

कलम १. माझे यजमान खर्डी स्टेशनावर सांधेवाले, म्हणजे गाडीचे रूळ बदलणारे, होते. सन १९५१ साली ड्यूटीवर असताना गेले. रेल्वेने जे दिले ते मी तालुक्याच्या पोस्टात माझ्या नावे बचत खात्यात टाकले. पोर नव्हते. दिराची बायको बाळंतपणात गेली होती, तिचा लडकू चार वर्षांचा असल्यापासून माझ्याकडेच वाढला. पाढे मी शिकवले, पहिली चड्डी मी शिवली, गोवर आला तेव्हा अकरा दिवस मांडीवर घेऊन बसले. हे उपकार म्हणून लिहीत नाही. त्याच्यावर माझा जीव होता आणि अजून आहे.

शिवणाच्या पैशांतून मी खात्यात भर घालत गेले. सन १९६१ च्या मे महिन्यात माझ्या नावे एकोणीसशे बारा रुपये होते. तो आकडा मी पासबुकात स्वतः पाहिलेला शेवटचा आकडा.

कलम २. आमच्याकडे मृगाच्या आधी आगोट भरतात. पावसात ओहोळ भरले की बाजार तुटतो, म्हणून चार महिन्यांचे मीठ, मिरची, कांदे, सुके बोंबील, सरपण सगळे आधी घरात येते. आमच्या आळीतल्या खातेवाल्या बायकांनी त्यात आणखी एका वस्तूची भर घातली होती. पावसाचिखलात पोस्ट गाठणे बाईमाणसाला जमत नाही, म्हणून आम्ही पैसे काढायचे चार फारम, चार महिन्यांचे चार, सही करून घरच्या पुरुषाच्या हवाली करायचो. रकमेची जागा कोरी ठेवायचो. श्रावणात रॉकेल किती लागेल, दवापाणी किती होईल, हे ज्येष्ठात कोणाला ठाऊक? आगोटीच्या सह्या म्हणायचो आम्ही त्याला. बोंबील मी मोजून घेत होते, कांदे निवडून घेत होते, आणि या सह्या हसत हसत करत होते. माझ्यासारखी चिकट बाई, वाण्याशी गुळाच्या ढेपेवरून भांडणारी, हिला एकदाही वाटले नाही की कोरी जागा कोणीही भरू शकतो.

लडकू दर महिन्याला तीस रुपये आणून हातावर ठेवत होता. पासबुक मागितले की म्हणे, पोस्टात व्याज चढवायला दिलंय. पोस्टात बुक व्याजासाठी ठेवून घेतात हे खरे आहे, म्हणून मी गप्प बसले. पण व्याज चढायला दोन वर्षे लागत नाहीत.

कलम ३. आता ठकूचे. ठकू सावळ्या मुकणे, आमच्या गावच्या कातकरी वाडीतली, वय तिशीच्या आत. दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जाते, आगोटीला परत येते, पावसाळाभर माझ्याकडे काजबटण करते. नवरा सोडून गेला आहे. भट्टीचे पैसे ती लुगड्याच्या गाठीत ठेवायची आणि गाठ कोणीतरी सोडायचेच. मीच तिच्या मागे लागले की पोस्टात ठेव, तिथे कोणाचा हात पोहोचत नाही. तिच्या नावे खाते मी उघडून दिले. तिचे बुक माझ्या पेटीत, माझ्या बुकाखाली. तिने सहा वर्षांत तीनशे बेचाळीस रुपये जमवले. वाडीची जमीन ज्याची आहे तो कधीही झोपडे काढ म्हणतो, म्हणून खर्डीच्या बाजूला तिने खोपटापुरती जागा बघितली आहे. किंमत तीनशे. मालकाने पाडव्यापर्यंत मुदत दिली आहे. पाडवा चार दिवसांवर आला, म्हणून ती भट्टी सोडून लवकर परतली आहे आणि आज माझ्याबरोबर मुरबाडला आली आहे.

माझ्याप्रमाणे तिनेही आगोटीचे फारम लडकूच्या हवाली केले, आणि दोघींची बुकेही त्यानेच नेली. अंगठ्याला ओळखीची साक्ष लागते. कोऱ्या फारमांवरच्या तिच्या अंगठ्यांखाली साक्ष म्हणून सही आहे ती माझी.

गेल्या मंगळवारी जागेच्या पैशांसाठी आम्ही दोघी पोस्टात गेलो. पोस्टमास्तरांनी खातेवही उघडून बोट ठेवले. माझ्या नावे अकरा रुपये चाळीस नवे पैसे. ठकूच्या नावे दोन रुपये. फारम त्यांनी दाखवले. सह्या माझ्या, अंगठे तिचे, साक्ष माझी. पोस्टाने काही चुकीचे केलेले नाही. ते म्हणाले, "बाई, कोरा फारम म्हणजे किल्ली. किल्ली तुम्हीच दिलीत." ठकूने विचारले, "बाय, काय झालं?" आणि तिला दोन्ही आकडे मीच सांगितले.

माझ्या खात्यातून मी खर्चाला मागवलेले सोडून सोळाशे साठ रुपये गेले. त्यांतून लडकूने वाशिंदला एका भागीदाराबरोबर जुनी लॉरी घेतली आहे. लॉरी चालत नाही, नुसती उभी आहे.

कलम ४. लडकूने माझ्या राहत्या घराचा सौदाही वाशिंदच्या एका गिऱ्हाइकाशी केला आहे आणि बयाणा घेतला आहे. सोमवारी ते लोक कागद घेऊन येणार. हे मला लडकूच्या बायकोने, गोदीने, भाकरी थापता थापता सांगितले. मी सही केली नाही तर काकी भ्रमिष्ट आहे असे लिहून घेऊन व्यवहार माझ्या वतीने त्यानेच करायचा, असे त्याने योजले आहे. मला सर्वांत जास्त भीती दुसऱ्याच कागदाची आहे. गेल्या आगोटीत मी फारमांबरोबर एका कोऱ्या कागदावरही सही केली. घरपट्टीच्या अर्जाला लागेल, असे लडकू म्हणाला होता. तो कागद

येथे लिहिणे थांबवावे लागले. लडकू आला. एसटी स्टँडावरून विचारत विचारत तो मास्तरांच्या दारात येऊन उभा राहिला. ठकूने त्याला गल्लीच्या तोंडाशी पाहून मला खूण केली, म्हणून लिहिलेले कागद मांडीखाली सरकवता आले. तो जाईपर्यंत मी त्यांच्यावर बसून होते. बोलणे झाले ते मास्तर आणि ठकू यांच्यासमोर झाले, म्हणून जसे झाले तसे लिहिते.

तो म्हणाला, "काकी, बारसं कुठं हाय? तुझ्या भावाकडं जाऊन आलो मी."

"बारसं नाय. बस. पाणी पी."

"पाणी नको. सोमवारी माणसं येणार. मी बयाणा घेतलाय, माझी इज्जत हाय त्यात. एक सही कर. मग तू म्हणशील तसं ऱ्हाईन."

"ठकूचे तीनशे चाळीस कुठं हायेत, लडकू?"

ठकू उंबऱ्यावर बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. "देईन की. पळून चाललोय का मी? लॉरी चालू झाली की पयलं तिचंच."

"आन माझे?"

"तुझं म्हंजे माझंच ना, काकी? मी काय परका हाय?"

हे तो खरेच मानतो. मला त्याच्या तोंडावर दिसले. मी त्याला असे मानायला शिकवले.

मग तो मास्तरांकडे वळला. "मास्तर, तुमी शिकलेले. हिचं डोकं ठिकाणावर नाय. हिच्याकडनं काय लिवून घेऊ नका, पुढं तुमालाच तरास."

मास्तर म्हणाले, "तुझ्या काकीने सकाळपासून माझ्या दोन बेरजा दुरुस्त केल्या आहेत."

लडकू हसला नाही. खाली वाकून, हळू आवाजात, जसा लहानपणी कानात काही मागायचा तसा बोलला, "तुझी सही हाय माझ्याकडं, काकी. कोऱ्या कागदावर. तरी मी इचारायला आलो. एवढं ध्यानात घे."

मी म्हणाले, "घेतलं ध्यानात. सही मी देणार नाय."

तो उभा राहिला. "मग सोमवारी बघू घरात कोण ऱ्हातं ते." आणि गेला. ठकूने उंबरा सोडला नव्हता, तिला ओलांडून जावे लागले त्याला.

मास्तरांच्या सुनेने गुळाचे पाणी दिले. आता पुढे लिहिते.

तो कागद बारकीच्या, म्हणजे लडकूच्या मुलीच्या, शाळेच्या वहीतला आहे. एकेरी रेघांचा. डाव्या कडेला शिलाईची दोन भोके. माझी सही उजवीकडे, तळापासून चार ओळी वर, निळ्या शाईत. त्या सहीच्या वर पुढे कोणी घरविक्री, मुखत्यारपत्र किंवा काहीही लिहून दाखवले तर ते माझे नव्हे. सही माझी, मजकूर चोरीचा. सोमवारी त्या लोकांना हे मी तोंडावर सांगणार आहे आणि मास्तर बरोबर येणार आहेत. घर मी हयात असेपर्यंत विकणार नाही.

कलम ५. माझे सापगावचे घर, दोन खोल्या, पडवी आणि मागचा वाडगा, माझ्या मागे गोदी लडकू वेखंडे हिला द्यावे. लडकूने त्यात राहावे, गोदी ठेवील तोवर. गोदीने ते तिच्या हयातीत विकू नये, गहाण टाकू नये, आणि नवरा रडला तरी कोऱ्या कागदावर सही करू नये. तो रडतो छान. गोदी, तुला सही येते, मग वाचायचाही कंटाळा करू नको. पासबुक पेटीत ठेवून पुरत नाही, महिन्याला उघडून बघायचे. पोस्टात दिले असेल तर दिल्याची चिठ्ठी मागायची, आणि पंधरा दिवसांत आले नाही तर स्वतः जाऊन पोस्टाच्या खिडकीसमोर उभे राहायचे. चिखल झाला तर झाला, पाय धुता येतात. वाण्याचे बिल वाचून मग द्यायचे, घरपट्टीची पावती नंबरासकट. पैसे भरायला कोणाकडेही दे, पण आकडा तू लिही आणि अक्षरांतही लिही. हे सगळे मला एकसष्टाव्या वर्षी कळले.

कलम ६. शिवणाचे मशीन बारकीला, ती बारा वर्षांची झाल्यावर. तोवर त्याला तेल घालणे गोदीकडे. मोठी कात्री कागद कापायला वापरल्यास माझा शाप आहे.

कलम ७. माझी नणंद कमळाबाई हिने सन १९४९ साली लग्नाला म्हणून पितळी हंडा नेला, तो तिच्याकडेच राहू द्यावा. मात्र माझ्या तेराव्याला तिने त्या हंड्याची आठवण काढून रडू नये.

कलम ८. लडकूने नेलेले सोळाशे साठ रुपये हा त्याचा वाटा समजावा. मी ते त्याला दिले. पोलिसांत गेले नाही आणि माझ्या मागे कोणी जाऊ नये. याखेरीज माझ्या वस्तूंपैकी त्याला काही नाही. माझ्या चितेला अग्नी मात्र त्यानेच द्यावा. दुसरे कोणी दिलेले मला चालणार नाही.

कलम ९. माझ्याजवळ यजमानांनी केलेल्या सोन्याच्या दोन पाटल्या आहेत, साडेतीन तोळे, आज कमरेला बांधून आणल्या आहेत. दुसरे काही माझ्या हाती उरलेले नाही. लडकूने दार लावले तर भाड्याच्या खोलीला याच पाटल्या. म्हणून माझ्या मृत्यूनंतर त्या मोडून पहिल्याने ठकू सावळ्या मुकणे हिचे तीनशे चाळीस रुपये द्यावेत, उरलेले बारकीला. जागेच्या मालकाला मी शब्द टाकीन, तो थांबेल.

मास्तरांनी हे कलम ठकूला मोठ्याने वाचून दाखवले. तिला बरे वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तिने विचारले, "बाय, हे तू मेल्यावर?"

"हो. कायद्याने पक्कं. कोणी अडवू शकणार नाय."

"आन तू कवा मरशील?"

मास्तर हसले. मला हसू आले नाही, कारण ती खरोखर विचारत होती.

"पाडवा मंगळवारी हाय," ती म्हणाली. "जागावाला मंगळवारपतुर थांबंल. तू मरसतवर नाय थांबायचा. तवा माझं पैसं तुझ्या पेटीत व्हतं, आता तुझ्या कागदात हायेत. माझ्या हातात कवा येतील?"

मी तिला रागावले. सांगितले की या पाटल्या गेल्या तर मी उघडी पडेन, म्हातारपणी कोणाच्या दारात जाऊ? ती म्हणाली, "माझ्या दारात ये. पण दार तर होऊ दे."

मी पुन्हा कलम नऊ वाचले. लडकू म्हणाला होता, देईन की. माझ्या कलमात त्याहून वेगळे काही नव्हते. फक्त माझे अक्षर त्याच्यापेक्षा बरे आहे.

कलम ९ रद्द. त्यावर मी आडवी रेघ मारली आहे आणि कडेला सही केली आहे. दुपारी अडीच वाजता मास्तरांना घेऊन मुरबाडच्या सोनाराकडे गेले. सोन्याच्या नव्या कायद्याने तो घाबरून आहे, भाव धड देईना. दोन्ही पाटल्यांचे तीनशे बावन्न रुपये आले. तीनशे चाळीस तिथेच, दुकानाच्या पायरीवर, ठकूच्या हातात मोजून दिले. तिने ते पुन्हा मोजले. तिला वीसपर्यंतच मोजता येते, म्हणून वीस वीसचे सतरा ढीग केले, आणि तेवढा वेळ सोनार, मास्तर आणि मी उभे राहिलो. उरलेल्या बारा रुपयांत एसटीचे भाडे आणि वाण्याचे थोडे.

नंतर ती म्हणाली, "माझं बुक आता मीच ठेवीन." मी म्हणाले, बरे. "तुझ्याकडं बी नको, बाय." मी त्यालाही बरे म्हणाले. वाईट वाटले, पण तिचे बरोबर होते. तिचे पासबुक लडकूकडून किंवा शहापूरच्या पोस्टातून मिळताच तिच्या हाती देण्यात येईल, हे या पत्राने बांधून घेते.

कलम १०. हे पत्र माझे पहिले आणि शेवटचे. सर्व कलमे पुरी लिहून झाल्यावर, प्रत्येक पानावरच्या रिकाम्या जागेत तिरपी रेघ मारून, मगच मी खाली सही करीत आहे. हे पत्र राघो मास्तरांच्या कपाटात राहील.

साक्षीदार दोन लागतात. एक मास्तर. दुसरा कोण, असे मी विचारले तेव्हा मास्तर म्हणाले की ज्याला या पत्राने काही मिळत नाही असा माणूस हवा. ठकूचे तिला मिळाले, आता या पत्रात तिच्या नावे एक पैसाही नाही. म्हणून तिला बोलावले आणि शाईचा बोळा पुढे केला. तिने हात मागे घेतला. "पयलं वाच," म्हणाली. मास्तर कागद घेऊन वाचू लागले, तर त्यांना थांबवले. "तुमी नको, मास्तर. बायनं वाचू दे. सगळं. मधलं काय सोडायचं नाय."

मी सगळे वाचले. कलम तीनपाशी, माझ्या साक्षीच्या सहीची ओळ मी घाईने वाचली, तेव्हा ती म्हणाली, "ते परत वाच." ते परत वाचले. वाचून झाल्यावर तिने स्वतः हात पुढे केला.

सही: वत्सला कुंडलिक वेखंडे

साक्षीदार:
१. राघो बाळाजी देसले, निवृत्त शिक्षक, मुरबाड
२. निशाणी डाव्या हाताचा अंगठा, ठकू सावळ्या मुकणे, राहणार तूर्त सापगाव

मुक्काम मुरबाड, जिल्हा ठाणे. शुक्रवार, तारीख २२ मार्च १९६३.

अंगठा संपूर्ण मजकूर ऐकून दिला आहे.